कबरस्तानाचा सुभेदार

माझ्या बहिणीच्या नवऱ्याला सुरतेत लिंबायतपासून गोडादऱ्यापर्यंत सगळे सुभेदार म्हणत. हा माणूस कधी कुठल्या पलटणीत नव्हता. शिंदखेड्याला एकदा लष्कराची भरती आली होती, तेव्हा छाती मोजायच्या रांगेतून लघवीला म्हणून जो निघाला तो थेट घरी येऊन गोधडी ओढून झोपला. ही गोष्ट मला त्याच्या जन्मदात्या आईनं सांगितली आहे, तेव्हा खोटी असायचं कारण नाही. पुढं सगळ्या गावासारखा तोही सुरतेला आला आणि बमरोलीत एका लूमखात्यात लागला. तिथं चालू मागाच्या पाठीमागं ताग्यांचा ढीग रचून झोपायचा. सुताचे धागे तुटत राहायचे, माग रिकामा खडखडत राहायचा, आणि सुकदेवराव घोरत असायचे. शेठनं त्याला हाकललं तेव्हा मला वाईट वाटलं नाही, लाज मात्र वाटली, कारण त्या खात्यात त्याला मीच लावला होता.

मी भटू, अनुसयाचा धाकटा भाऊ. ताईकडं बघून मी त्याला तोंडावर दाजी म्हणायचो आणि मनात काय म्हणायचो ते इथं लिहिण्यासारखं नाही.

पुन्हा खटपट मीच केली. तापीच्या काठी गोऱ्या शिपायांचं एक जुनं कबरस्तान होतं. कंपनी सरकारच्या काळात तिथं जवळपास छोटीशी छावणी होती म्हणे, आणि छावणीतले मेलेले लोक या आवारात पुरलेले. जुन्या इमारती सांभाळणाऱ्या कचेरीला तिथं चौकीदार हवा होता. आत राहायला एक खोली होती, पाण्याचा नळ होता आणि काम काय, तर मेलेल्या माणसांवर लक्ष ठेवायचं. मी म्हटलं, याच्यासाठीच ही नोकरी जन्माला आलीय. झोपणाऱ्यांची राखण झोपणाऱ्यानं करावी.

खाकी शर्ट अंगात गेला आणि गड्याचा कणाच बदलला. मिशा वाढवल्या, त्यांना तेल लावून पीळ दिला. कुठून तरी एक जुना पट्टा आणला, बुटांना पॉलिश सुरू केलं. चालताना टाच आपटायला लागला. गोडादऱ्याला आमच्या घरी आला तरी दारात उभा राहून एवढ्या जोरात खाकरायचा, की माझी बायको भागीरथी डोक्यावर पदर ओढून आत पळायची आणि मग आत जाऊन हसायची.

आता त्या जागेविषयी सांगतो, कारण तिच्यावरच याची सगळी मिजास उभी होती. फाटकाशी एक तोफ नाक खाली करून जमिनीत गाडलेली. आत गेलं की डाव्या हाताला एका मेजराची घुमटी, आठ खांबांची, वर डेरेदार घुमट, आत पारव्यांची विष्ठा. मधोमध एक दगडी सुळका आणि त्याच्या चारी बाजूंना नावं कोरलेली. ते तोफखान्यातले शिपाई. इकडंतिकडं सपाट थडगी, काही चुन्याची, काही पार खचलेली. एक खांब मुद्दाम मधोमध तुटलेला घडवलेला, तो एका कोवळ्या लेफ्टनंटचा. आणि अगदी मागं, भिंतीला टेकून, एक उंच पेटीसारखं थडगं. ते पलटणीतल्या कुणा कंपाउंडरचं.

मला इंग्रजी बेताचंच येतं, पण फिवर आणि कॉलरा हे शब्द वाचायला पदवी लागत नाही. एका रविवारी मी सगळे दगड फिरून वाचले. मेजर बोटीतून उतरला आणि पंधरवड्यात तापानं गेला. सुळक्यावरचे सगळे तोफवाले एकाच पावसाळ्यात पटकीनं गेले. तोफेला बत्ती द्यायची पाळी त्यांच्यावर आली असेल तर सलामीलाच. लेफ्टनंट तापीत पोहायला गेला आणि बुडाला. सगळ्या आवारात लढाईत पडलेला असा एकही वीर मला सापडला नाही. एवढे घुमट, एवढे खांब, एवढी मोठाली इंग्रजी वाक्यं, आणि खाली सगळे हगवणीनं, हिवतापानं नाहीतर पाण्यात बुडून मेलेले. वर लिहिताना मात्र शौर्य, निष्ठा, कर्तव्य. मोठ्या लोकांना मरणाचीसुद्धा लाज वाटते असं दिसतं. कंपाउंडरच्या दगडावर तेवढं एक साधं वाक्य होतं: पटकीच्या साथीत तो आजाऱ्यांजवळ राहिला आणि त्यांच्याबरोबरच गेला.

पण सुकदेवला दगड वाचायची गरजच नव्हती. त्याच्याकडं स्वतःचा इतिहास होता, आणि तोही एक नाही, दोन.

लिंबायतहून आपली मराठी मंडळी आली की तो छाती काढून सांगायचा, की महाराजांचे मावळे सुरतेवर आले तेव्हा हे सगळे गोरे आडवे आले आणि मावळ्यांनी यांना उभे कापले. मेजराचं मुंडकं म्हणे नदीपलीकडं सापडलं. पोरं ऐकून शिट्ट्या मारायची, दोन-चार घोषणा व्हायच्या, आणि कुणीतरी सुभेदाराला चहा पाजायचं. शहरातलं एखादं सुरती कुटुंब आलं की तोच माणूस, तीच काठी आणि तेच थडगं, पण गोष्ट उलटी. "आ लोकोए सुरत बचाव्युं, शेठ. मराठाओथी!" असं म्हणून डोळ्यांत पाणीही आणायचा. मग खमणाचा पुडा त्याच्या हातात यायचा. तिथला सगळ्यांत जुना दगड महाराजांच्या स्वारीनंतर शंभराहून जास्त वर्षांनी बसवलेला होता. पण ऐकणाऱ्यांनाही दगड कुठं वाचायचे होते? आपल्या आजोबांनी कुणाला तरी मारलं किंवा आपल्या आजोबांना कुणीतरी वाचवलं, एवढं ऐकलं की माणसं खूश होऊन घरी जातात.

एकदा दोन्ही पंगती एकाच वेळी आल्या. मी तिथंच होतो, मला वाटलं आज याची चांगली जिरते. पण नाही. त्यानं काठीनं मधल्या पायवाटेवर रेघ ओढली आणि सांगितलं, की डावीकडचे मावळ्यांनी मारलेले आणि उजवीकडचे शहर वाचवताना पडलेले. दोन्ही मंडळी आपापल्या बाजूला फुलं वाहून गेली. मी हात जोडले.

कंपाउंडरच्या थडग्याकडं तो कुणालाच नेत नसे. त्याच्यावर अनुसया गोवऱ्या वाळत घालायची. मी विचारलं तर म्हणाला, "तो काय लढना? गोया वाटे तो. आठे लढनारासना मान शे." म्हणजे गोळ्या वाटणाऱ्याला इथं काय किंमत, हा मान लढणाऱ्यांचा. हे कोण सांगतंय, तर छातीचा टेप बघून पळालेला गडी.

झाडलोट अनुसया करायची. घुमटीतली विष्ठा ती खरवडायची, गवत ती कापायची, सुळक्यावरचं शेवाळ ती घासायची. सुभेदार फाटकाशी स्टूल टाकून बसलेले. आणि मी गेलो की मलाच सांगायचा, "भटू, मी शे म्हनीसन हाई सगळं उभं शे." त्यांची एकुलती पोर रूपाली तेव्हा सहावीत होती. बापाच्या गोष्टींवर तिचा भारी विश्वास. शाळेत निबंध लिहायची, की माझे बाबा सैनिकांचे रक्षण करतात. मास्तर तिला तो वर्गात वाचायला लावायचे आणि पोरं टाळ्या वाजवायची. हेच मला सगळ्यांत जास्त झोंबायचं.

चौऱ्याण्णव सालचं गणपती विसर्जन झालं आणि सुरतेत प्लेगचा बोभाटा झाला. दोन दिवसांत शहर उलटंपालटं झालं. तोंडाला रुमाल बांधलेली माणसं स्टेशनकडं पळताहेत, डोक्यावर ट्रंका, काखेत पोरं. कडोदऱ्याच्या नाक्यावर ट्रकांना माणसं लोंबकळताहेत. बमरोलीतले माग बंद पडले, आमचा शेठ सगळ्यांच्या आधी गाडी काढून गेला. माझी बायकापोरं तेव्हा गावीच होती, म्हणून मी खोलीवर एकटा राहिलो होतो.

नेमका त्याच वेळी रूपालीला ताप भरला. हुडहुडी भरायची, दात वाजायचे, मग घामाघूम व्हायची. गोडादऱ्याच्या आपल्या लोकांनी धुळ्याकडं जायला एक ट्रक ठरवला होता, आणि जाता जाता तो कबरस्तानाशी थांबला. अनुसयानं पोरीला चादरीत गुंडाळून बाहेर आणलं. ट्रकमधल्या बायांनी पोरीचे डोळे बघितले आणि एकच गलका केला. तापाची पोर घ्यायची नाही म्हणाले. त्यांनाही मी दोष देत नाही. त्यांच्या मांडीवरही पोरं होती. अनुसया हात जोडून उभी राहिली. सुकदेव तिला म्हणाला, "मी पुढे जास. गावथीन गाडी लई येस. तू पोरले संभाय." एवढं बोलून तो ट्रकमध्ये चढला.

आणि चढण्याआधी त्यानं एक काम केलं. कचेरीचा नियम होता, की चौकीदार बाहेर गेला तर फाटकाला बाहेरून कुलूप पाहिजे. जन्मात एकही नियम न पाळलेल्या माणसानं त्या दिवशी हा एक नियम पाळला. बायको आणि तापानं फणफणलेली पोर आत, कुलूप बाहेर आणि किल्ली सुभेदाराच्या खिशात, असा ट्रक धुळ्याकडं निघून गेला. ताईला वाटलं, चुकून लावलं असेल, आता थांबतील. ती फाटकाच्या गजांना धरून हाका मारत राहिली. ट्रकमधून कुणी उतरलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी सायकल काढून तिकडं गेलो तेव्हा फाटकाला कुलूप बघून मला वाटलं, चला, सुटले, गावी गेले. सायकल वळवलीसुद्धा होती. तेवढ्यात मागच्या भिंतीवरून ताईचा आवाज आला. घसा बसलेला, पण आवाज ओळखीचा. ती कंपाउंडरच्या थडग्यावर चढून उभी होती आणि भिंतीपलीकडं कुणी येतंय का ते बघत होती. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. आदल्या दिवसापासून एक-दोन माणसं गेली, म्हणाली, पण हिनं हाक मारली की ती रुमाल दाबून पळत सुटायची. कबरस्तानाच्या भिंतीवरून, प्लेगच्या दिवसांत, केस सुटलेली बाई हाका मारतेय म्हटल्यावर कोण थांबणार?

कुलपावर मी धोंडा घालून बघितला, ते हललं नाही. शेवटी ताईनं पोरीला उचलून भिंतीवर आडवी ठेवली आणि मी सायकलच्या कॅरिअरवर उभं राहून तिला खाली घेतली. अंग तव्यासारखं तापलेलं. तशाही अवस्थेत रूपाली मला म्हणाली, "मामा, बाबा गाडी लेवाले गयात ना?" मी हो म्हटलं. त्या माणसासाठी मी आयुष्यात बोललेलं ते पहिलं आणि शेवटचं खोटं. ताई मागून भिंतीवरून उतरली, गुडघे सोलवटून घेतले, आणि आम्ही पोरीला सायकलवर धरून ढकलत निघालो.

गल्लीतला दवाखाना बंद, पुढचाही बंद, मेडिकलचं शटर खाली. मोठ्या सरकारी दवाखान्यात मात्र माणसं होती. तिथल्या एका थकलेल्या डॉक्टरणीनं रूपालीला तपासलं, रक्त घेतलं, आणि थोड्या वेळानं म्हणाली, की प्लेग नाही, मलेरिया आहे. डोक्यात चढायला लागलाय, आणखी एक दिवस गेला असता तर सांगता आलं नसतं. ताई तिथंच फरशीवर बसली. ती रडली नाही. तिनं फक्त विचारलं, "काल आनतू तं लवकर बरी व्हती का?" डॉक्टरणीला अहिराणी कळली नाही. मला कळली, आणि मी मान दुसरीकडं वळवली.

पोर वाचली. आठवडाभरात उठून बसली, चिडचिड करायला लागली, लोणचं मागायला लागली.

मधल्या काळात कचेरीचा एक माणूस कबरस्तानात येऊन गेला. मी माणूस लावून कुलूप तोडून घेतलं होतं. तो आला तेव्हा अनुसया नेहमीसारखी घुमटी झाडत होती. चौकीदार कुठं आहे म्हणून त्यानं विचारलं. पळून गेला, म्हणून तिनं सांगितलं. त्यानं तोंडावरचा रुमाल नीट केला, झाडलेल्या आवाराकडं बघितलं आणि नवं कुलूप-किल्ली तिच्या हातात देऊन गेला. दुसरं कोणी येईपर्यंत तू ही संभाल, म्हणाला. दुसरं कोण येणार होतं तिथं?

मग गावाकडून आमच्या गल्लीतला दगा नावाचा गडी परत आला. मी त्याला विचारलं, सुभेदार कुठं आहेत, बरे आहेत ना? दगा हसायला लागला. म्हणाला, बरा काय, चांगला अंगानं भरलाय. रोज पारावर बसून सुरतेच्या गोष्टी सांगतो. लोक विचारतात, बाबा, तू तिथून आलास, प्लेग बरोबर आणला नाहीस ना? तर म्हणतो, "प्लेगले मी तठेच कुलूप लाई उनू!" म्हणजे प्लेगला तिथंच कुलूप लावून आलो. आणि सगळा पार हसतो.

त्या वेळी अनुसया माझ्या खोलीत भाकरी थापत होती. तिनं ऐकलं. भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली. ती फुगली तेव्हा म्हणाली, "बरं."

मला त्याच क्षणी गावी जाऊन त्याची मिशी उपटावीशी वाटली. मी तसं बोललोही. ताई म्हणाली, जाऊ नको. आणि मग म्हणाली, अमावास्येला दूध आण, गिलकी आण, उडदाची डाळ आण.

ते पित्तरांचे दिवस होते. आमच्या खान्देशात पित्तराला जिवंत माणूस जेवायला बसवतात. ज्याच्या नावाचं जेवण, त्याच्या जागी तो बसतो. त्याचे पाय धुतात, कपाळाला गंध लावतात, निखाऱ्यावर तूप आणि खीर सोडून मेलेल्याचं नाव घेतात. त्याला आगारी म्हणतात. मग तो बसलेला माणूस पोटभर जेवतो, सुपारी घेतो आणि जातो. मी विचारात पडलो, कारण आमच्या बापाचं पित्तर मोठा भाऊ गावी घालायचा आणि सासऱ्याचं तिचा दीर. ताईकडं कुणाचं पित्तर? मला वाटलं, एवढ्या गोऱ्यांचं मागं कुणी नाही म्हणून ही त्यांच्या नावानं घालतेय की काय. तिच्या स्वभावात ते बसलं असतं.

अमावास्येला मी सामान घेऊन गेलो. खिरीचा वास सुटलेला, गिलक्याची भजी तळून झालेली. अंगणात पाट मांडलेला. रूपाली हडकुळी झालेली, पण ताटाभोवती रांगोळी काढत होती. मी विचारलं, पाटावर कोण बसणार? ताई म्हणाली, "येतीन. जेवाले चुकत नहीत."

आणि खरंच फाटकाशी खाकरण्याचा आवाज झाला. साथ ओसरली, लोक परतायला लागले, हे पेपरात छापून आलं होतं. त्यावर सुभेदारांनीही परतीची गाडी धरली होती. त्यांनी आपली किल्ली कुलपात घातली, फिरवली, पुन्हा फिरवली, किल्लीकडं बघितलं. ताईनं जाऊन आपल्या नव्या किल्लीनं आतून फाटक उघडलं. गडी गुबगुबीत झालेला, मिशांना ताजं तेल. आल्या आल्या सुरू झाला. गाडी कशी मिळेना, गावात कसे अडकून पडलो, जीव कसा इकडं टांगलेला होता, झोप कशी लागेना. रूपालीनं हातातली रांगोळी तशीच ठेवली आणि बापाकडं बघत राहिली. ती पळत जाऊन बिलगली नाही. त्याच्या ते लक्षात आलं नाही, कारण त्याचं लक्ष भज्यांकडं होतं.

"बठा," ताई म्हणाली.

तो पाटावर बसला. ताईनं त्याच्या पायांवर पाणी घातलं, तेव्हा त्यानं माझ्याकडं असं बघितलं, की बघ, बायको कशी असावी. ताईनं गंध लावलं. मग खापरात निखारे आणून त्याच्यासमोर ठेवले, खिरीचा घास आणि तूप त्यावर सोडलं. चर्र झालं, धूर वर चढला. आणि माझ्या बहिणीनं, जिनं लग्नातल्या उखाण्यानंतर नवऱ्याचं नाव ओठावर आणलं नव्हतं, हात जोडून स्वच्छ आवाजात म्हटलं, "सुकदेव पित्तर."

सुभेदाराचा हात भज्याकडं गेला होता, तो तिथंच थांबला. "कोनं नाव लिधं?"

"तुमनं."

त्यानं माझ्याकडं बघितलं. मग पोरीकडं. रूपालीनं खाली मान घातली नाही. ती सरळ त्याच्याकडं बघत होती. मला वाटलं, आता हा ताट उलथवेल, ओरडेल, हात उचलेल. मी उठायच्या तयारीत होतो. तो हसायला गेला, ते जमलं नाही. म्हणाला, "बावयी व्हयनी का? मी जित्ता शे."

"त्या दिवस टरकमा चढनात, तव्हयच व्हयनं ते," ताई म्हणाली. "जेवा. पित्तर जेवतस आनि जातस. थांबतस नही."

आणि तो जेवला. खोटं कशाला सांगू, पोटभर जेवला. मान खाली घालून भजी संपवली, वडे संपवले, कढी प्याला. मधेच एकदा घास अडकला, तेव्हा पाणी प्याला आणि पुन्हा सुरू झाला. शेवटी वर न बघता त्यानं खिरीची वाटी पुढं केली. अनुसयानं ती भरून दिली, आणि हातावर पाणी घालायला तांब्या घेऊन फाटकाशी जाऊन उभी राहिली.